काळ्या पेटीत बेडूक मावतो का?



पीस पोस्टिंगला फॅमिली सोबत आली की घरातलं वेळापत्रक ठरलेलं असतं. पहिल्या महिन्यात गॅस आणि क्वार्टरची डागडुजी, दुसऱ्या महिन्यात शाळेची अ‍ॅडमिशन, आणि तिसऱ्या महिन्यात मुलांची मागणी: काहीतरी पाळूया. बहुतेक घरांत कुत्रा, मासे किंवा लव्हबर्ड यावर तडजोड होते. आमच्याकडे मागणी आली बेडकाची.

सध्या आम्ही बेंगळुरूला आहोत, हेब्बाळच्या बाजूला. ज्यांनी हे शहर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, विमानतळाकडे जाणारा प्रत्येक माणूस हेब्बाळच्या उड्डाणपुलावर एकदा तरी अडकतो. पुलाच्या कडेलाच हेब्बाळ तलाव आहे. हा केंपेगौडाच्या काळातला, १५३७ सालचा मानतात. याच गावात एक वीरगळही सापडला आहे, इसवी सन ७५० च्या सुमाराचा. किट्टय्या नावाचा वीर या मुलखाचं रक्षण करताना पडला, असं त्यावर कोरलेलं आहे. आपल्यासारख्यांनी एकदा जाऊन नमस्कार करावा अशी ती जागा. तर असं हे जुनं, पाणथळ गाव आता शहराच्या पोटात आलं आहे. तरीही मे महिन्यात वळवाचा पाऊस पडला की रात्री आमच्या क्वार्टरमागच्या नाल्यातून असा आवाज सुरू होतो की टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो.

माझी मुलगी सात वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. बेडूकच का, असं मुलीला विचारल्यावर तिने जे सांगितलं ते ऐकून मी आणि सौ. दोघंही गप्प झालो. मागच्या स्टेशनला लंगरच्या मागे एक कुत्रा असायचा. मुलीने त्याचं नाव मोती ठेवलं होतं, रोज संध्याकाळी त्याला पोळी घालायची. बदलीच्या दिवशी तो गाडीच्या मागे मेन गेटपर्यंत धावला. संत्रीने गेट लावलं आणि तो तिथेच बसला. मुलीने हे लक्षात ठेवलं होतं. तिचा हिशोब साधा होता. "पप्पा, कुत्रा मोठा असतो म्हणून नेता येत नाही. बेडूक छोटा असतो. तो तुमच्या काळ्या पेटीत मावेल."

फौजी माणसाच्या मुलांना हा प्रश्न पडतोच. शाळा, मैत्रिणी, शेजारच्या काकू, सगळं दर दोन-तीन वर्षांनी मागे राहतं. आपल्याबरोबर येणारं काहीतरी त्यांना हवं असतं. म्हणून मी या मागणीला हसून टाळलं नाही. आमच्या ओळखीचे सांगलीकडचे एक सुभेदार साहेब आहेत, आरव्हीसीतून निवृत्त झालेले. आयुष्य घोड्याखेचरांत आणि कुत्र्यांत गेलेलं. त्यांच्याशी बसून बोललो, मिळेल ते वाचलं, शहरातल्या दोन-तीन दुकानांत जाऊन पाहिलं. लहान मुलांच्या घरात बेडूक पाळायचा तर कोणता, याचा जो हिशोब लागला तो इथे मांडतो. कुणाच्या घरी नातवंडांची अशीच मागणी असेल तर उपयोगी पडेल.

पाळायचे म्हणून जगभर विकले जाणारे बेडूक मोजकेच आहेत. पहिला पॅकमन बेडूक. दक्षिण अमेरिकेतला, तळहाताएवढा, गोल गरगरीत, अर्धं शरीर तोंडानेच भरलेलं. हा मातीत निम्मा पुरून दिवसचे दिवस एका जागी बसतो. आमच्यात संत्री ड्यूटीवर असा जवान मिळाला तर साहेब खूश होतील! सांभाळायला त्यातल्या त्यात सोपा. पण समोर जे हलेल ते भक्ष्य समजून तोंड मारतो. चार वर्षांच्या मुलाचं बोट त्याला मोठा किडाच वाटतं. दुसरा बेडूक जवळ ठेवला तर त्यालाही गिळतो, म्हणून हा एकटाच ठेवावा लागतो.

दुसरा ऑस्ट्रेलियातला हिरवा झाडबेडूक. सुमारे दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, स्वभावाने शांत, चेहरा कायम हसल्यासारखा. माणसांच्या वावराला लवकर सरावतो. तिसरा आफ्रिकेतला बुटका पाणबेडूक, अंगठ्याएवढा, आयुष्यभर पाण्यातच राहणारा. माशांच्या टाकीत ठेवता येतो म्हणून लोकांना हा सगळ्यात बिनत्रासाचा वाटतो. चौथा कोरिया-चीनकडचा, लाल-काळ्या पोटाचा. दिसायला देखणा आणि दिवसाही हिंडणारा, पण त्याच्या कातडीतून निघणारा द्रव डोळ्याला लागला तर आग होते. लहान मुलं हात आधी डोळ्यालाच लावतात. आणि पाचवे ते चित्रांत दिसणारे निळे-पिवळे विषारी बाणबेडूक. बंदिस्त जागेत जन्मलेल्यांचं विष जवळजवळ नसतं, कारण ते त्यांना रानातल्या खाण्यातून मिळतं. तरी ते अनुभवी माणसाचं काम, मुलांच्या घरातलं नव्हे.

आता मुख्य अडचणी. पहिली आरोग्याची. बेडूक, कासव, सरडे यांच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो. जनावर ठणठणीत दिसतं, पण माणसाला जुलाब, ताप, उलट्या होतात आणि लहान मुलांना दवाखान्यात भरती करण्याची वेळ येते. २००८ ते २०११ या काळात अमेरिकेत चाळीसहून जास्त राज्यांत दोनशेच्या वर लोक यामुळे आजारी पडले, त्यातले बहुतेक दहा वर्षांखालची मुलं. कारण निघालं तोच बुटका पाणबेडूक, जो सगळ्यात बिनत्रासाचा वाटतो. मुलांनी बेडकाला हात लावला नव्हता तरी टाकीचं पाणी पुरेसं होतं. टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुतली की जंतू भांड्यांवर येतात. तेव्हापासून तिथल्या आरोग्य खात्याचा सल्ला स्पष्ट आहे: पाच वर्षांखालचं मूल ज्या घरात आहे तिथे बेडूक पाळू नये. आमच्या धाकट्याचं वय चार. म्हणजे पहिल्याच चाळणीत आम्ही गळलो.

दुसरी अडचण खुद्द बेडकाची. त्याची कातडी पातळ आणि ओलसर. तो पाणी तोंडाने पीत नाही, कातडीतून शोषतो, श्वासही बराचसा कातडीतून घेतो. म्हणजे आपल्या हातावर जे असेल ते त्याच्या अंगात जातं: साबण, सॅनिटायझर, डास पळवायचं मलम, घामाचं मीठ. नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही त्याला बाधतं. मुलांना जनावर म्हणजे उचलून घ्यायचं, कुरवाळायचं, कुशीत घेऊन झोपायचं. बेडकाला हे सगळं त्रासाचं. तो पाहायचा प्राणी आहे. सुभेदार साहेब म्हणाले, "कुत्र्याला हात लावला की कुत्रा खूश होतो. बेडकाला हात लावला की फक्त मूल खूश होतं."

तिसरी गोष्ट खाण्याची. बहुतेक पाळीव बेडकांना जिवंत, हलणारं खाणं लागतं. रातकिडे, झुरळं, अळ्या, त्यावर कॅल्शियमची भुकटी. म्हणजे एक बेडूक पाळायचा तर घरात रातकिड्यांचा डबाही पाळायचा. मी हे सौ.ला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अहो, मग झुरळं मारायचं औषध आणलंय ते कशाला?"

आणि चौथी गोष्ट आपल्या नोकरीची, जी कुठल्याही पुस्तकात लिहिलेली नाही. हिरवा झाडबेडूक नीट सांभाळला तर पंधरा वर्षं आणि त्याहून जास्त जगतो. पॅकमन दहा वर्षांच्या पुढे जातो. आपली बदली दर दोन-तीन वर्षांनी. पंधरा वर्षं म्हणजे पाच-सहा पोस्टिंगा. मुलगी आज सातची, बेडूक जाईल तेव्हा ती बावीसची असेल आणि मी केव्हाच पेन्शनीत. बेंगळुरूची हवा त्याला मानवेल, कारण बावीस ते अठ्ठावीस अंशांत तो सुखी असतो आणि इथे बरेच महिने तेवढंच असतं. पण पुढची ऑर्डर जैसलमेरची आली तर मे महिन्यात काय करायचं? लेह आली तर? फील्ड आलं की फॅमिली गावाला जाणार. आमचं गाव गडहिंग्लजकडे. आईला सांगायचं का, की म्हशीची धार काढून झाली की बेडकासाठी रातकिडे पकड आणि दोन दिवसांनी काच पूस? ती बेडकाला नाही, मला घराबाहेर काढील.

मुलीला मी हे सगळं तिच्या भाषेत सांगितलं. पेटीत मावणं वेगळं आणि पेटीबरोबर जगणं वेगळं, हे तिला पटायला थोडा वेळ लागला. मग तिने फौजी पोरीसारखा दुसरा मोर्चा उघडला. "विकत नको. नाल्यातला आणूया. तो फुकट आहे."

इथे कायदा येतो, आणि तो माहीत असावा. रानातला, तळ्यातला प्राणी पकडून घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतं. बेडकांच्या बाबतीत आपल्या देशाने एकदा मोठी ठेच खाल्लेली आहे. ऐंशीच्या दशकापर्यंत भारतातून दरवर्षी हजारो टन बेडकाच्या तंगड्या परदेशी जायच्या. शेतातला किडा खाणारा गेला, किडा राहिला. शेवटी १९८७ मध्ये ही निर्यात बंद झाली. गोव्यात पावसाळ्यात 'जंपिंग चिकन' म्हणून हा मोठा बेडूक ताटात येतो त्यावरही बंदी आहे, आणि वनखात्याची माणसं पावसात रात्री गस्त घालतात. गोव्यातल्या पोस्टिंगवर कुणी प्रेमाने वाढलं तरी हात जोडून नको म्हणावं.

विकतच्या परदेशी बेडकांनाही आता नियम आहेत. कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम आले. आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन असलेल्या, म्हणजे कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतल्या जिवंत प्राण्यांची नोंद सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. बाणबेडूक त्यात येतात. पॅकमनसारखे काही त्या यादीत नाहीत, तरी बिल आणि जनावर कुठून आलं याचा कागद मागावाच. कागद नसलेलं हत्यार आपण कोतमध्ये ठेवत नाही, तसंच हे.

मात्र कायद्याहून मोठं कारण वेगळं आहे, ते मला अंदमानच्या पोस्टिंगमुळे कळलं. तिथे मुख्य भूमीवरचा मोठा बेडूक गेल्या काही वर्षांत पोचला, बहुधा मत्स्यपालनाच्या बीजाबरोबर. तिथल्या तळ्यांत त्याची पैदास झाली. त्याची पिल्लं तिथल्या मूळच्या बेडकांची पिल्लं खातात, आणि मोठा झाला की सरड्यापासून कोंबडीच्या पिलापर्यंत काहीही गिळतो. आपल्या नाल्यात जो शेतकऱ्याचा मित्र, तोच बेटावर घुसखोर. एका ठिकाणचा बेडूक दुसरीकडे सोडला की काय होतं याचं याहून मोठं उदाहरण म्हणजे बुरशीचा रोग. बेडकांच्या जागतिक व्यापारातून पसरलेल्या एका बुरशीने किमान पाचशे प्रजातींना फटका दिला आणि नव्वद प्रजाती नामशेष झाल्या असाव्यात, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१९ साली मांडला. त्यामुळे बदलीच्या आदल्या रात्री 'जा बाबा' म्हणून काचेतला बेडूक तळ्यात सोडणं, हा मायेचा प्रकार वाटला तरी त्या तळ्यावरचा हल्ला असतो.

मग मुलीला द्यायचं काय? नुसतं नाही म्हणून प्रश्न सुटत नव्हता. गेटवर बसलेला मोती तिच्या डोक्यातून गेला नव्हता.

आम्ही बागेत पाण्याची टाकी पुरायचा विचार केला, पण तो पहिल्या आठवड्यातच बारगळला. डेंगीमुळे क्वार्टरमध्ये साचलेलं पाणी ठेवायला बंदी, दर आठवड्याला आरोग्य पथक कुंड्यांखालच्या बशासुद्धा उलट्या करून पाहतं. ते बरोबरच आहे. मग सुभेदार साहेबांनी उपाय सांगितला. एक फुटकी मातीची कुंडी घेतली, तुटलेल्या बाजूने दार होईल अशी उलटी करून कर्दळीच्या सावलीत ठेवली. आत ओला पालापाचोळा. त्या वाफ्यात कीटकनाशक मारायचं बंद केलं. कुणाला पकडून आणायचं नाही, ज्याला यायचं तो येईल.

अकराव्या दिवशी एक आला. आपल्या घराघरांत दिसणारा खरखरीत पाठीचा, मातकट. शास्त्राच्या पुस्तकात त्याला भेक म्हणतात, आपण त्यालाही बेडूकच म्हणतो. दिवसभर कुंडीत, रात्री व्हरांड्याच्या दिव्याखाली हजर. दिव्यावर येणारे किडे टिपतो, जिभेचा फटका डोळ्यांना दिसतही नाही. मुलीने त्याचं नाव 'कप्पे' ठेवलं. कन्नडमध्ये बेडकाला कप्पे म्हणतात, शेजारच्या आज्जींनी तिला शिकवलं. त्याच आज्जींनी सांगितलं की इकडेही पाऊस लांबला की बेडकांचं लग्न लावतात. मग मी पोरांना आपल्याकडची धोंडी सांगितली, कडुनिंबाचे डहाळे आणि मुसळाला बांधलेला बेडूक घेऊन घरोघर पाणी मागत जाणारी.

नियम घरात तीनच आहेत. कप्पेला हात लावायचा नाही. त्याच्या डोळ्यामागच्या फुगीर गाठींत विष असतं, कुत्र्याने चावला तर कुत्र्याला त्रास होतो. त्याला शिवल्याने चामखीळ येते ही मात्र भाकडकथा. व्हरांड्यातून आत आल्यावर साबणाने हात धुवायचे. आणि तो आला नाही तर शोधायला कुंडी उचलायची नाही.

यानंतर बेडूक पाहायचा नादच लागला. पावसाच्या दिवसांत बाथरूमच्या खिडकीत बसणारा झाडबेडूक मुलांनी शोधला. तो पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं करतो आणि पिल्लं फेसातून खाली पाण्यात पडतात. रविवारी हेब्बाळ तलावावर गेलो की पाण्यावर ठिकऱ्या मारल्यासारखे पळणारे बेडूक दिसतात. मी रिक्रूट असताना उस्तादांनी रगड्यात फ्रॉग जंप करायला लावली, तेव्हा बेडकाबद्दल माझं मत वाईट झालं होतं. ते आता सुधारलं आहे. इथून थोडं उत्तरेला राजानुकुंटेच्या बाजूला २०२० साली बेडकाची एक नवीनच प्रजाती सापडली, जमिनीत बीळ करून राहणारी. या शहराचंच नाव तिला दिलं, स्फेरोथेका बेंगळुरू. त्या शोधात आपल्या पुण्याच्या प्राणी सर्वेक्षण केंद्राचाही हात होता. एवढ्या गजबजाटाच्या शेजारी एक अख्खी प्रजाती कुणाला माहीत नसताना राहत होती, हे ऐकून मुलगी म्हणाली, "मग आपल्या गावाकडे पण असेल." आहेच. गडहिंग्लजहून आंबोली जवळ. तिथल्या कातळावरच्या डबक्यांत वाढणारा आंबोलीचा भेक २००९ साली जगाला कळला आणि तो दुसरीकडे जवळपास कुठेच नाही. पावसाळ्यात आंबोलीला जाणाऱ्यांनी रात्री गाडी हळू चालवावी, ही आमची विनंती.

मुलीने एक वही केली आहे. स्टेशनचं नाव, तारीख, बेडूक कुठे दिसला, आवाज कसा. हेब्बाळच्या पानावर आतापर्यंत पाच नोंदी झाल्या. परवा तिने विचारलं, "पप्पा, आपण गेल्यावर कप्पे गेटवर येईल का?" मी म्हटलं, "नाही बाळा. त्याचं घर इथेच आहे. आपण जाणार, तो नाही." तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "बरं झालं." पुढच्या क्वार्टरमध्ये जी फॅमिली येईल तिच्यासाठी कुंडीवर चिठ्ठी लावायचं तिने आत्ताच ठरवून टाकलं आहे.

आता जे माजी सैनिक एका जागी स्थिरावले आहेत आणि ज्यांची नातवंडं हट्ट करतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर बेडूक नको. मूल मोठं असेल, घर बदलणार नसेल आणि पंधरा वर्षांची जबाबदारी मोठी माणसं घेणार असतील, तर बंदिस्त जागेत जन्मलेला हिरवा झाडबेडूक त्यातल्या त्यात बरा. बिल घ्या, नोंदीचे नियम पाहा, जनावरांचा असा डॉक्टर जवळ आहे का ते आधी विचारा, काच स्वयंपाकघरात धुऊ नका. आणि जे अजून नोकरीत आहेत त्यांनी एक फुटकी कुंडी उलटी ठेवून पाहावी. खर्च शून्य, पासची गरज नाही, आणि बदलीच्या दिवशी कुणाला मागे सोडावं लागत नाही.

जय हिंद.